मामेखवर बांधलेली गळती

दादाने पहाडातल्या मुलीशी लग्न केलं तेव्हा बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं, कारण ओरडणारा माणूस कधीतरी थकतो आणि मग मुकाट जेवायला बसतो. बाबा गप्प झाले. आणि गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या झाशीत कुणी नव्हतं.

आमचं घर इथल्या जुन्या मराठी घरांपैकी. महादेवाच्या एका लहानशा देवळाची पूजा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. बाबांनी आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकुनी केली, पण सकाळी सोवळं नेसलं की ते कारकून उरत नसत. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी मुलींच्या शाळेत शिकवायची आणि घर सांभाळायची. लग्न का केलं नाही ते इथे सांगत बसत नाही, तो वेगळाच पसारा आहे.

दादा फौजेत होता. पहाडात पोस्टिंग असताना त्याने चंब्याकडच्या डोंगरातली ही मुलगी केली, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्याची बदली जिथे बायकामुलं नेता येत नाहीत अशा ठिकाणी झाली. पाऊस संपता संपता तो तिला झाशीला घेऊन आला, तिची ट्रंक माझ्या खोलीत ठेवली आणि निघून गेला. स्टेशनवर मला म्हणाला, "सांभाळ." कुणाला कुणापासून ते काही बोलला नाही.

ती माझ्यापेक्षा वयाने लहान, पण दादाची बायको म्हणून मी तिला वहिनी म्हणे आणि ती मला दीदी. बाबा तिला काहीच म्हणत नसत. तिच्याशी थेट एक शब्द नाही. ती समोर उभी असली तरी माझ्याकडे तोंड करून म्हणायचे, "तुझ्या वहिनीला सांग, दाराला कडी घाल." वहिनी कडी घालायची, मी चरफडायची. तिने भरलेलं पाणी ते पीत नसत, हापशावरून स्वतःचा तांब्या स्वतः भरून आणत. देवघराच्या उंबऱ्याच्या आत तिने यायचं नाही, हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं.

"बाबा, ती काही बहिरी नाही," मी एकदा म्हणाले.

"बरं," बाबा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

वहिनीने पहाडातून आणलेल्या सामानात एक गाठोडं होतं. ओलं शेवाळ, त्यावर जुन्या लोकरी शालीचा तुकडा, आणि आत बोटाएवढ्या जाड, काळपट मुळ्यांचा एक झुबका. इतक्या लांबून माणूस लोणचं आणतं, तूप आणतं. हिने मुळ्या का आणल्या, मला कळेना. मग तिने सांगितलं. लग्नानंतर तिच्या वडिलांनी तिला दारात उभं केलं नव्हतं. झाशीला निघण्याआधी ती भेटायला गेली, तर आई गोठ्यामागून आली आणि घरामागचं मामेखचं झाड स्वतःच्या हाताने खणून तिला देऊन गेली. "माँ बोली, यह वहाँ जी गया तो मैं मान लूँगी कि उन लोगों ने तुझे ठीक से रखा है." एवढं सांगून वहिनी हसली. मला मात्र त्या मुळ्यांची त्या क्षणापासून धास्तीच बसली.

मामेख म्हणजे पिओनी, हे मला शाळेतल्या बागकामाच्या पुस्तकात चित्र बघून कळलं. तळहाताएवढं पांढरं फूल, मध्ये पिवळा केसर. तिच्या गावाकडे ते देवदारांच्या सावलीत आपोआप येतं, कोवळ्या पानांची भाजीसुद्धा करतात. हिवाळाभर वरून बर्फ असतो, खाली कंद झोपलेला असतो. आणि आमची झाशी! इथे वैशाखात दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो. सगळा दगडच दगड. दिवसभर तापतो आणि रात्री आपल्याच अंगावर ओकतो. मी मनात म्हटलं, माउलीने परीक्षा घ्यायची तर जरा सोपी तरी घ्यायची होती.

पण वहिनीला काम येत होतं. दसरा झाल्यावर तिने आंगणाच्या उत्तरेच्या भिंतीशी खड्डा घेतला, तळाला विटांचे तुकडे घातले, माती मोकळी करून राख मिसळली आणि कंदाचे डोळे वर येतील असा तो बसवला, जेमतेम दोन बोटं मातीखाली. "ज़्यादा गहरा नहीं, दीदी. और पानी खड़ा नहीं रहना चाहिए. इसको ठंड चाहिए, पानी नहीं," हे तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून तर पुढचं सगळं मला इतकं जड गेलं.

माघात तिने मला स्टेशनाकडच्या बर्फखान्यात पाठवलं. इथल्या थंडीने कंदाला झोप लागणार नाही, त्याच्यावर बर्फ हवा. ऐन थंडीत रिक्षात लाकडाच्या भुश्यात गुंडाळलेली लादी मांडीशी घेऊन मी गल्लीत शिरले, तर शेजारची म्हातारी ओट्यावरून बुंदेलीत ओरडली, "काय बिन्नू, जा ठंड में बरफ को का करहौ?" मी म्हटलं, "सरबत." आठवड्यातून दोन-तीनदा हा तमाशा चाले. वहिनी लादी फोडून ते तुकडे मातीवर पसरायची आणि वितळणारं पाणी वाहून जावं म्हणून बाजूला नखाएवढा ओघळ काढून ठेवायची. बाबा सोप्यात बसून वर्तमानपत्राच्या कडेवरून बघत. "तुझ्या वहिनीला सांग, सर्दी होईल," एकदा म्हणाले. मी सांगितलं. वहिनी त्या दिवशी गुणगुणत भांडी घासत होती.

होळीच्या सुमाराला मातीतून लालभडक कोंब आले. मला तर ते कोंबड्याच्या तुऱ्यासारखे दिसले. वहिनी जमिनीवर पालथी झोपून बघत होती, पदर कुठे, वेणी कुठे. त्याच दिवसांत तिच्या गावचा एक फौजी घरी आला. तो झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत होता आणि सुट्टीवर गावी जाऊन आला होता. तिच्या आईने त्याच्याकडून विचारलं होतं, कंद जगला का? वहिनीने त्याला हाताला धरून आंगणात नेलं आणि कोंब दाखवले. "अब जेठ में फिर जाऊँगा," तो म्हणाला, "फूल की ख़बर ले जाऊँगा." तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

कोंबांची पानं झाली, आणि एका देठाच्या टोकाला कळी धरली, बोराएवढी, हिरवी, घट्ट. ती चैत्रभर तेवढीच राहिली. वहिनी रोज सकाळी तिला बोटाने हलकेच चाचपून बघायची. आतून फूल भरत असेल असं आम्ही एकमेकींना सांगत होतो. मग एका दुपारी लू सुटली, पहिलीच, आणि संध्याकाळी कळी काळी पडलेली होती. वहिनीने ती खुडली नाही. फक्त म्हणाली, "कोई बात नहीं. कंद बच जाए, बस."

म्हणजे आता फुलाचा प्रश्न संपला होता, जिवाचा उरला होता. वहिनीचं म्हणणं असं, की पानं जितके दिवस हिरवी राहतील तितकी मुळात ताकद साठेल. मग ती सुकतील, कंद झोपी जाईल आणि पुढच्या फाल्गुनात उठेल. तोवर त्याला उन्हातून काढायचं. तिने बांबूच्या चार काठ्यांवर वाळ्याची टट्टी टाकली, दुपारचं ऊन पूर्ण अडेल आणि सकाळचं कोवळं मिळेल अशी. मुळाशी वाळलेलं गवत पसरलं, पण देठाला लागू दिलं नाही. चार-सहा दिवसांतून एकदा, भल्या सकाळी, लांबून गोल फिरवत पाणी. बाकी हात लावायचा नाही. पानं कडेने करपली, पण उभी होती. हे असंच चाललं असतं तर कंद वाचला असता असं मी अजूनही म्हणते. कुणाशी पैज मात्र लावणार नाही.

मग वहिनीलाच लू लागली. पहाडातली बाई, दुपारी टट्टीवर पाणी शिंपडायला उठायची, ऐकायची नाही. अंग भाजत होतं, डोळे लाल. मी कैरीचं पन्हं पाजत होते, तळव्यांना कांदा चोळत होते. ती ग्लानीत सारखी विचारत होती, "दीदी, पौधा? पौधे को देखा?" बाबा दाराबाहेर येरझारा घालत होते. आत यायचे नाहीत, जायचेही नाहीत. शेवटी मला बाहेर बोलावून म्हणाले, "ती सारखं काय विचारते?"

"झाडाचं विचारते," मी म्हणाले, आणि राग अनावर होऊन सगळंच सांगून टाकलं. गोठ्यामागे आलेली आई, खणून दिलेला कंद, आणि झाड जगलं तर आपण तिच्या मुलीला नीट वागवलं असं ती मानणार, तेही. बाबा ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. ते देवघरात गेले.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात गळती होती.

वैशाख लागला की महादेवाच्या पिंडीवर तांब्याचं भांडं टांगतात. तळाला बारीक भोक, त्यात दर्भाची काडी, आणि थेंब थेंब पाणी अहोरात्र पिंडीवर पडत राहतं. देवाला उन्हाळा बाधू नये म्हणून. ती गळती. देवळातली वेगळी, ही आमच्या देवघरातली, आईच्याही आधीची, बाबांखेरीज तिला कुणी हात लावत नसे. ती बाबांनी लाकडी तिवईला बांधली, तिवई मामेखवर उभी केली आणि सोवळ्याचं पाणी भरलं. मग आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन, खाटेवरच्या वहिनीकडे बघून, आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी बोलले.

"सूनबाई, काळजी करू नका. मी गळती लावलीय."

वहिनीला मराठी कळत होतं. ती उठून बसायला लागली, मी तिला धरलं. तिने पदर डोक्यावर ओढून घेतला आणि हात जोडले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, चला, तिच्या आईच्या परीक्षेतला अर्धा पेपर तर सुटला.

दोन दिवसांनी ती उठून आंगणात गेली आणि मला तिचा चेहरा दिसला. थेंब नेमका देठांच्या बुंध्यावर पडत होता. तिने वाकून मातीत बोट घातलं, ते चिखलात गेलं.

"मी सांगते बाबांना," मी म्हणाले.

तिने माझं मनगट धरलं. अजून अंगात ताप असलेला हात, पण पकड घट्ट. "नहीं दीदी. आज तक उन्होंने मुझसे एक गिलास पानी नहीं माँगा. अब अपने भगवान का बर्तन ले आए हैं. मैं बोलूँ कि हटा लो?"

"अगं, पण कंद कुजेल."

"पता है," ती म्हणाली.

मी तरी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. संध्याकाळी बाबांपुढे विषय काढलाच. म्हटलं, "बाबा, पाणी फार होतंय हो त्याला." बाबा हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. "महादेवाला कधी फार होतं का?" म्हणाले, आणि हसत हसतच गळतीत पाणी भरायला उठले. वहिनी दाराआडून माझ्याकडे बघत होती. दोघांच्या मध्ये मी अशी अडकले होते की श्वास घ्यायचीही चोरी.

मग मी चोरट्या युक्त्या केल्या. बाबा देवळात गेले की दर्भाची काडी आणखी आत दाबून बसवायची, म्हणजे थेंब मंदावे. एकदा फार दाबली गेली आणि गळती बंदच पडली. वैशाखात गळती थांबणं म्हणजे केवढा अपशकुन! बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. सुई घेऊन बसले, भोक मोकळं केलं, थोडं मोठंच झालं, आणि मग तिथेच खुर्ची टाकून पहारा देत बसायला लागले. वहिनीने पूर्वीचा तो ओघळ हळूच खोल केला, पाणी निघून जावं म्हणून. दोन-तीन दिवस माती जरा कोरडी दिसली. तोवर बाबांच्या लक्षात आलं की पाणी वाया जातंय. त्यांनी स्वतः माती कालवून झाडाभोवती छान गोल आळं बांधलं, थेंबभर बाहेर जाणार नाही असं. हात धुता धुता वहिनीला म्हणाले, "आता ठीक." ती म्हणाली, "जी, बाबूजी."

पानं माना टाकायला लागली. पाणी जास्त झालं तरी झाड तहानलेल्यासारखंच दिसतं, हे बाबांना कुठून ठाऊक असणार? ते घाबरले. गळती दिवसातून दोनदाऐवजी चारदा भरू लागले. पण हापशावरून पाणी आणता आणता त्यांना धाप लागत होती, वय झालं होतं. एका सकाळी कळशी खाली ठेवून, भिंतीला धरून ते म्हणाले, "सूनबाई, आजपासून तुम्ही भरा."

मी स्वयंपाकघरातून बघत होते. देवघरातल्या भांड्यात तिच्या हातचं पाणी. मी त्या घरात जन्मापासून राहत होते, मला त्याचा अर्थ कळत होता. तिलाही कळत होता. वहिनी हापशावर गेली, कळशी भरली, आंगणात आली आणि गळतीत पाणी ओतलं. हळूहळू, काठोकाठ. आईने खणून दिलेला कंद आपण आपल्या हाताने कुजवतोय हे तिला माहीत होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर बाबांना दिसेल असं काही नव्हतं. बाबा समाधानाने मान हलवत होते. मी पोळी तव्यावर करपवली.

त्या दिवसांत मला दोघांचाही संताप येत असे. बाबांचा, कारण माया करायची तर महिनाभर आधी, साध्या घोटभर पाण्याने करता आली असती. वहिनीचा, कारण एवढं सोसणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही. आणि स्वतःचा तर सगळ्यात जास्त. शाळेत मी पन्नास मुलींना एका आवाजात गप्प करायची. घरात तांब्याचं एक भांडं मला हलवता येत नव्हतं.

ज्येष्ठात तो फौजी आला. दुपारच्या गाडीने गावी निघाला होता, जाता जाता निरोप घ्यायला. त्याच सकाळी वहिनी गळती भरायला वाकली असताना पदर देठात अडकला, तो सोडवायला गेली तर देठ मुळापासून सुटून तिच्या हातात आला. बुंधा काळा, मऊ, आंबूस वास. तिने इकडेतिकडे बघितलं. बाबा पूजेत होते. तिने देठ परत चिखलात खोचला, दोन बोटांनी माती दाबली, सुकलेली पानं नीट केली. मी जवळ गेले तर म्हणाली, "बाबूजी को मत बताना." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

फौजी सोप्यात बसला, सरबत प्याला. बाबा पूजा आटोपून बाहेर आले, आपल्या खुर्चीवर बसले. त्याने विचारलंच, "भाभी, चाची पूछेंगी. फूल आया?"

वहिनी दारात उभी होती. तिने एकदा आंगणाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हिचा बांध फुटणार.

"बोलना," ती म्हणाली, "ससुरजी ने उसके ऊपर अपने महादेव का बर्तन टाँगा है. और उसमें पानी मेरे हाथ का पड़ता है."

"बस? फूल का क्या बोलूँ?"

"इतना बोलना. माँ समझ जाएगी."

बाबा खुर्चीत सावरून बसले. घसा खाकरला. ते त्या मुलाशी इतकं मोकळेपणाने बोलतील असं मला वाटलं नव्हतं. "और कहना," ते म्हणाले, "समधिनजी से कहना, फूल अगले साल ज़रूर आएगा. यहाँ हम देख रहे हैं."

फौजीने मान डोलवली. मी वहिनीकडे बघायचं धाडस केलं नाही. तिचा आवाज तेवढा ऐकला.

"हाँ भैया," ती म्हणाली, "यह भी बोल देना." आणि कळशी उचलून ती गळती भरायला गेली.